आधी हत्ती मारावा लागतो

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमचा सात-आठ जणांचा गट रोज सकाळी फिरतो. फिरणं चाळीस मिनिटांचं, नंतर बाकावरची चर्चा तासभराची. मध्यंतरी लाचेच्या सापळ्याची एक बातमी आली आणि आठवडाभर दुसरा विषयच निघाला नाही. अशा बातम्या नाशिककरांना नव्या नाहीत. खातं बदलतं, रक्कम बदलते, मजकूर तोच राहतो. या वेळी वाद पेटला, कारण पकडला गेलेला माणूस गटातल्या दोघांच्या ओळखीचा होता आणि 'तो तसा नव्हता हो' असं ते दोघेही मनापासून सांगत होते. एका बाजूचं म्हणणं असं की या लोकांनी लाज विकून खाल्लीय, घरचे संस्कार नाहीत, चौकात उभं करायला हवं. दुसरी बाजू म्हणत होती, एकटा माणूस काय करणार, वरपर्यंत साखळी आहे, व्यवस्थाच नासलेली आहे. दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या, पण एका गोष्टीवर त्यांचं पूर्ण एकमत होतं. हा सगळा विषय दुसऱ्या कुणाचा तरी आहे, असं दोघांनीही गृहीत धरलं होतं.

हा वाद चुकीच्या जागी चाललाय असं मला वाटतं. माणूस निर्लज्ज असतो म्हणून गैर वागतो, हे बहुतेक वेळा खरं नसतं. त्याला लाज असते, म्हणूनच सबब लागते. स्वतःच्या नजरेत चांगला राहून वाईट काम उरकायचं असतं आणि त्यासाठी एक वाक्य हाताशी असावं लागतं. हे वाक्य कृत्यानंतर सारवासारव म्हणून येतं अशी आपली समजूत आहे. माझं म्हणणं उलट आहे. ते वाक्य आधी तयार होतं आणि ते तयार झालं म्हणूनच हात पुढे जातो.

महाभारतातला तो प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. द्रोणांना शस्त्र खाली ठेवायला लावायचं तर त्यांचा मुलगा मेला असं युधिष्ठिराच्या तोंडून त्यांना ऐकू जायला हवं. युधिष्ठिर बोलला, 'हत्ती' हा शब्द पुटपुटला, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. आपल्या लक्षात राहतो तो पुटपुटलेला शब्द. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या आधी घडलेलं. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती आधी मारून ठेवला होता. नुसतं खोटं बोलायचं असतं तर हत्तीची गरजच काय होती? शत्रूला फसवायला तो लागत नव्हता. द्रोणांना हत्ती कुठे दिसत होता? हत्ती लागत होता धर्मराजाला, स्वतःच्या मनासाठी. याउलट दुर्योधनाच्या तोंडी एक प्रसिद्ध श्लोक घातला जातो: धर्म काय ते मला कळतं, पण माझी प्रवृत्ती तिकडे जात नाही. इतकं सरळ बोलणारे दुर्योधन फार थोडे असतात. बाकी आपण सगळे हत्ती मारून ठेवणारे.

ही केवळ पुराणातली गोष्ट नाही. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन अभ्यासकाने तुरुंगात जाऊन अफरातफरीच्या कैद्यांशी बोलणी केली आणि १९५३ साली ती पुस्तकरूपाने मांडली. ही सराईत चोरांची जमात नव्हती. विश्वासाने ज्यांच्या हाती तिजोरी दिली होती अशी नोकरदार माणसं होती. पैसे उचलताना 'मी चोरी करतोय' असं त्यांनी स्वतःशी म्हटलेलं नव्हतं. 'उसने घेतोय, परत ठेवीन' असं म्हटलं होतं. क्रेसीचा मुद्दा असा की हे वाक्य पैसे उचलण्याच्या आधीचं आहे, पकडले गेल्यावर सुचलेलं नाही. पुढे १९५७ मध्ये साइक्स आणि मात्झा या दोघांनी गुन्ह्याकडे वळलेल्या पोरांबद्दल तेच सांगितलं. त्यांना समाजाचे नियम अमान्य नसतात. माझा इलाज नव्हता, यात कुणाचं काय बिघडलं, त्याला तसंच पाहिजे होतं, मला बोलणारे कोण मोठे साव लागून गेलेत, दोस्तांसाठी केलं, असल्या वाक्यांनी ते त्या नियमांना तेवढ्यापुरतं बाजूला बसवतात. ही पाचही वाक्यं मराठीत रोज ऐकू येतात की नाही? लाचेच्या सापळ्यात नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात आणि संशयिताचा हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवला की पाणी गुलाबी होतं. पाणी गुलाबी झाल्यावरही कोर्टात नेहमी येणारा एक बचाव कोणता? 'मी दिलेले हातउसने पैसे त्याने परत केले.' पुन्हा तेच, उसने.

शब्दांचं हे काम किती खोलवर चालतं ते पाहायला दूर जावं लागत नाही. लाच हा शब्द लाच घेणारा आणि देणारा दोघेही उच्चारत नाहीत. चहापाणी, खुशी, वरकमाई, टक्केवारी, 'जरा बघून घ्या', 'मॅनेज करू'. पाच हजारांचा चहा कुणी पीत नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, तरी शब्द चहाचाच लागतो. नदीच्या पुलावर गाडी थांबवून निर्माल्याची पिशवी, प्लास्टिकसकट, खाली सोडणारा माणूस आधी गोदावरीला हात जोडतो. त्याला विचारा. 'एका पिशवीने काय होतंय' हे उत्तर त्याच्या ओठांवर तयार असतं.

आता माझ्या घरचं सांगते. निफाड तालुक्यातलं आमचं गाव, आण्णांची टोमॅटोची शेती. कॉलेजात असताना दिवाळीच्या सुट्टीत मी संध्याकाळी शेडमध्ये माल भरायला बसायचे. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटवर भाव निघतो. आण्णा क्रेट भरताना तळाला मऊ पडलेले, तडकलेले टोमॅटो घालायचे आणि वरचे दोन थर निवडून लावायचे, एका रंगाचे, कडक, देठ एका दिशेला. मधल्या थरात एखादा तडकलेला आला तर त्याची भेग बोटाने चाचपून खालच्या बाजूला वळवायचे. ती बोटांची हालचाल मला आजही दिसते. इतकी हळुवार की लहान मुलाला कुशीवर वळवावं तशी. घरच्या भाजीला मात्र वरच्या थरातलेच टोमॅटो बाजूला काढलेले असायचे. एकदा मी विचारलं, 'आण्णा, हे बरोबर आहे का?' ते चिडले नाहीत. म्हणाले, 'व्यापारी क्रेटमागं कडता कापतो, तेव्हा त्याला कुणी विचारतं का गं?' कडता म्हणजे माल खराब निघेल या नावाखाली व्यापारी आधीच करतो ती कपात. मला तेव्हा ते पटलं. आण्णांनी आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही, बांध कोरला नाही. असा माणूस बोलतोय म्हटल्यावर न पटायला काय झालं होतं?

पंधरा-सोळा वर्षांनी, मी नाशिकमध्ये करसल्लागार म्हणून बसायला लागल्यावर, एक भाजीपाला व्यापारी समोरच्या खुर्चीत होता. बोलता बोलता कडत्याचा विषय निघाला. तो म्हणाला, 'मॅडम, शेतकरी तळाला सडका माल घालतात. कडता कापला नाही तर आमचा धंदाच बसेल.' आण्णांचंच वाक्य होतं, फक्त उलट बाजूने धरलेलं. आणि दोघंही खोटं बोलत नव्हते. कडता खरा होता, तळाचा माल खरा होता. प्रत्येकाची सबब म्हणजे दुसऱ्याचं कृत्य. अशी दोन वाक्यं एकमेकांना टेकू देऊन उभी राहिली की पिढ्यानपिढ्या पडत नाहीत. यात मार कुणाला बसला? आमच्या शेजारच्या वस्तीवर एक शेतकरी होता, तळापासून वरपर्यंत एकसारखा माल भरणारा. कडता त्याच्या क्रेटलाही तेवढाच बसायचा. आण्णांच्या वाक्यात तो नव्हता आणि व्यापाऱ्याच्या वाक्यातही नव्हता. सबबीची खरी ताकद इथे आहे. ती चित्रात दोनच माणसं ठेवते, मी आणि माझ्यावर अन्याय करणारा. तिसरा दिसू देत नाही.

माझा स्वतःचा हत्तीही सांगायला हवा. बाकावरच्या मंडळींपैकी चौघांचे रिटर्न मी भरते. जुन्या करप्रणालीत राहिलेले नोकरदार घरभाड्याची सूट घेतात. खरोखर भाडं देत असाल तर ती हक्काची आहे, आईवडिलांना देत असाल तरीही. पण वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. म्हणून दरवर्षी माझ्या टेबलावर महिना ८,३०० रुपयांच्या पावत्या येतात, वर्षाचे ९९,६००. एप्रिल ते मार्च बारा पावत्या, एकाच निळ्या शाईत, एकाच बैठकीत केलेल्या आईच्या सह्या, वर एक-एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. आईला दमडी मिळालेली नसते. मला ते दिसत होतं आणि मी वर्षानुवर्षं आकडा भरत होते, एक वाक्य मनाशी धरून: 'पुरावा द्यायची जबाबदारी त्यांची, मी फक्त भरते.' चांगलं, व्यावसायिक वाटणारं वाक्य आहे. माझ्या भीमाने मारून ठेवलेला हत्ती.

या छोट्या गोष्टींनी काय होतं, असं कुणी म्हणेल. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांचा १९५९ सालचा प्रयोग याचं उत्तर देतो. विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणं काम करायला लावलं आणि मग बाहेर थांबलेल्याला 'काम फार मजेचं आहे' असं खोटं सांगायला सांगितलं. काहींना त्यासाठी २० डॉलर दिले, काहींना एकच. नंतर विचारल्यावर काम खरंच मजेचं होतं असं जास्त कुणी म्हणावं? एक डॉलर मिळालेल्यांनी. वीस डॉलरवाल्याला कारण हातात होतं, पैशासाठी खोटं बोललो. एका डॉलरसाठी खोटं बोललो हे मनाला झेपत नाही, मग मतच बदलावं लागतं. म्हणून लहान गैरकृत्य निरुपद्रवी नसतं. पैसा थोडा असतो तेव्हा सबबीला जास्त भार उचलावा लागतो, आणि एकदा उचललेला भार ती पुढे मोठ्या कामालाही उचलते. बाकावर ८,३०० च्या पावतीचा विषय मी सहज काढला होता. लाचेच्या बातमीवर कुणी इतकं लाल झालं नव्हतं.

आता विरुद्ध बाजूचं. सगळ्यात जोरदार आक्षेप असा की हे सगळं समजून घेणं म्हणजे माफ करणं. ज्याच्या वडिलांच्या पेन्शनची फाईल दोन वर्षं अडवली गेली, त्याला तुम्ही लाचखोराचं मन समजावून सांगणार का? हा राग मला रास्त वाटतो. शिक्षा हवीच, आणि लवकर हवी. लाचलुचपत विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करणाऱ्या प्रत्येक माणसाचं मला मोल वाटतं. पण ज्याची फाईल अडली त्यालाच विचारा, अडवणारा त्याच्याशी राक्षसासारखा बोलला का? तो 'काका, बसा' म्हणाला असणार, 'आमच्या हातात काही नाही हो' म्हणाला असणार. आपण राक्षस शोधत राहतो, आणि सौम्य बोलणाऱ्या, घरी देवपूजा करणाऱ्या, मुलीच्या फीची काळजी वाहणाऱ्या माणसाने केलेलं पाप आपल्याला पाप वाटेनासं होतं. बाकावरचे दोघे म्हणत होते ना, 'तो तसा नव्हता'? तो तसा नव्हताच. म्हणून तर जमलं.

दुसरा आक्षेप सक्तीचा. ठेकेदाराचं बिल, शेतकऱ्याचा सातबारा, बांधकामाचा दाखला. पैसे दिल्याशिवाय कागद हलत नाही आणि कागद हलला नाही तर चूल पेटत नाही. हे खरं आहे आणि याला सबब म्हणणं क्रूरपणाचं होईल. पण नाइलाज आणि नाइलाजाचा आव यांत फरक करता येतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. लाच देणाराही गुन्हेगार ठरला, आणि त्यातच एक तरतूद आली: देणं भाग पडलं असेल तर सात दिवसांत तक्रार करा, मग तुम्ही गुन्हेगार नाही. प्रत्यक्षात तक्रार करणं किती अवघड आहे हे मी जाणते. तरीही त्या सात दिवसांत एक शहाणपण आहे. ज्याचा खरोखर नाइलाज झाला त्याला तो सांगावासा वाटतो. नाइलाज सांगायची वेळ आली आणि आपण गप्प बसतो, तेव्हा गप्प का बसतो?

'मुलाबाळांसाठी करतो' हे वाक्य तर सगळ्यांत पवित्र. वाल्या कोळ्याच्या गोष्टीत नारदाने त्याला उपदेश केला नाही. एवढंच म्हटलं, घरी जाऊन विचारून ये, पापात वाटा घेणार का. लूट करताना इतकी वर्षं वाल्याने तो प्रश्न घरात एकदाही काढला नव्हता. का? उत्तर माहीत होतं म्हणून. मनात ठेवलं तोवर ते वाक्य पोलादी होतं, घरात मोठ्याने उच्चारलं आणि फुटलं.

संस्कार कमी पडतात म्हणणाऱ्यांना मी आपल्याच शहरातल्या एका दाराकडे बघायला सांगेन. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं रामाचं दर्शन मागत होती. मंदिराचे दरवाजे बंद झाले. त्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. लढा काही वर्षं चालला, दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. दार लावणाऱ्यांना संस्कार नव्हते का? उलट संस्कारांनी ओतप्रोत भरलेली माणसं होती ती, पहाटे उठून रामकुंडावर स्नान करणारी. मंदिरप्रवेशाला विरोध करणाऱ्यांची त्या काळची भाषा आठवा: रूढी आहे, शास्त्र आहे, अजून वेळ आलेली नाही. सबब त्यांना संस्कारांनीच पुरवली. आणि व्यवस्थेला दोष देणाऱ्यांनाही तेच दार दाखवता येईल. व्यवस्था म्हणजे तिथे कडी लावणारे हात होते, नावागावाचे.

याच ठिकाणी मला माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत अवघड प्रश्न दिसतो. कारणं तर सत्याग्रहींनीही दिली होती. त्यांनीही चालत आलेला नियम मोडायला घेतला होता. मग प्रत्येक कारण सबबच म्हणायचं का? नाही. सत्याग्रहींनी काय करणार ते आधी जाहीर केलं, ज्यांच्याविरुद्ध करायचं त्यांच्या दारात उभं राहून केलं, आणि किंमत स्वतःच्या अंगावर घेतली. ते कारण सगळ्यांना लागू होतं. दार उघडलं असतं तर प्रत्येकासाठी उघडलं असतं. माझ्या पावतीच्या वाक्यात यातलं काय आहे? ते मी करअधिकाऱ्यासमोर बोलू शकत नाही, प्रामाणिकपणे पूर्ण कर भरणाऱ्या शिक्षिकेसमोर बोलू शकत नाही, आणि किंमत दुसऱ्याने भरावी अशीच त्याची रचना आहे.

मानसशास्त्राच्या अभ्यासांवर किती विसंबायचं, असंही विचारलं जातं, आणि विचारायलाच हवं. फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली की लोक खरं लिहितात, असं सांगणारा एक निबंध २०१२ मध्ये गाजला. पुढे त्यातले विम्याचे आकडे बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरच्या संशोधनातले आकडे बनावट निघाले! यावरून सगळं शास्त्र फोल ठरत नाही. पण सहीची जागा बदलून माणूस बदलेल अशी स्वस्त आशा धरू नये एवढं कळतं. 'वरील माहिती सत्य आहे' याखाली आपण सगळ्यांनी आयुष्यात शेकडो सह्या केल्या आहेत.

हे सगळं आत्ता लिहावंसं वाटलं त्याला एक कारण आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते, घाट, पूल, निविदा, बिलं. शहरात एवढ्या थोड्या काळात एवढा सरकारी पैसा फिरण्याची वेळ बारा वर्षांनी येते. 'धर्माचं काम आहे, थोडं इकडेतिकडे होणारच' हे वाक्य तयार व्हायला याहून चांगली हवा मिळणार नाही. सापळे तेव्हाही लागतील, काही हात गुलाबी होतील. पण ते वाक्य पहिल्यांदा कुणी उच्चारेल तेव्हा समोर बसलेल्याने 'म्हणजे नेमकं काय?' एवढं विचारलं, तर पुढचा बराचसा मार्ग अवघड होतो. सबबीला पुढचा प्रश्न सोसत नाही.

या जुलैत मी ते करून बघितलं. पावत्यांचा गठ्ठा पुढे आला की आकडा भरायच्या आधी एकच विचारायचं, आवाज न चढवता: 'आई तुमच्याकडून भाडं घेतात का?' एक गृहस्थ चिडले. एक म्हणाले, 'मॅडम, दुसरीकडे कुणी असं विचारत नाही,' आणि फाईल घेऊन गेले. त्यांच्यामागोमाग आणखी दोन फायली गेल्या. एकजण बराच वेळ पावत्यांकडे बघत बसले. मग त्यांनी सह्यांवरून अंगठा फिरवला, गठ्ठा परत पिशवीत ठेवला आणि म्हणाले, 'तिला काय लिहिलंय ते पण माहीत नाही हो. मी म्हटलं इथे सही कर, तिने केली.' थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, किती जास्त भरावा लागेल. हिशेब केला, १२ हजारांच्या थोडं वर आले. त्यांनी आकडा वहीत लिहून घेतला आणि कुठल्या तारखेपर्यंत भरायचा ते विचारलं.